रोजच्या वाटेचा घोडा

अमरावतीस घर आणि अकोल्यास नोकरी, अशी स्थिति असलेले तरुण आपल्या वऱ्हाडांत थोडे नाहींत. कोणी बँकेंत आहे, कोणी महाविद्यालयांत, कोणी कृषि विद्यापीठांत. अकोल्यास बिऱ्हाड करावें तर घरचीं वडील माणसें थकलेलीं. घरींच राहावें तर रोज जाऊन-येऊन सुमारें दोनशें किलोमीटरांचा प्रवास. अशाच एका एकत्र कुटुंबांतून या सदराकडे एक प्रश्न आला आहे. घरांतील सव्वीस वर्षांच्या चिरंजीवांस मोटारसायकल घ्यावयाची आहे. त्यांचें मन ‘स्पोर्ट’ जातीच्या गाडीवर जडलें आहे. काकांच्या मतें घ्यावयाचीच तर ‘क्रूझर’ घ्यावी. आणि मातोश्रींच्या मतें दोन्ही नकोत. तिघांनीं मिळून निवाडा आमच्यावर सोंपविला आहे.

तिघांचेंही म्हणणें आम्हांस विचार करण्याजोगें वाटतें. शिवाय हा प्रश्न एकाच घरचा नाहीं; म्हणून खाजगी उत्तर न धाडतां येथेंच त्याचा ऊहापोह करितों.

ज्या वाचकांस या दोन जातींची ओळख नसेल त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द. स्पोर्ट गाडी ही शर्यतीच्या गाडीची धाकटी बहीण. तिचें हँडल खालीं व आखूड, बैठक उंच, पाय मागें दुमडलेले. स्वार टाकीवर ओणवा होऊन बसतो. पुढच्या बाजूस कवच असतें, तें वारा कापतें. क्रूझर ही अमेरिकेंतील लांबच लांब सरळ रस्त्यांवर घडत गेलेल्या गाड्यांच्या वळणाची. तिचें हँडल रुंद व उंच, बैठक ठेंगणी, पाय पुढें टाकलेले. स्वार आरामखुर्चीत बसल्यासारखा दिसतो. पुण्याच्या बजाज ऑटोनें कावासाकीच्या साह्यानें २००१ सालीं ‘एलिमिनेटर’ आणि पुढें २००५ सालीं ‘अ‍ॅव्हेंजर’ काढली, तेव्हांपासून ही जात आपल्याकडील मध्यमवर्गाच्या ओळखीची झाली.

उदाहरणानें बोलूं. यामाहाची ‘आर-१५’ ही स्पोर्ट वळणाची गाडी : इंजिन १५५ सीसी, वजन सुमारें १४२ किलो, बैठक जमिनीपासून ८१५ मिलिमीटर. रॉयल एन्फील्डनें २०२० सालीं आणलेली ‘मीटिऑर ३५०’ ही क्रूझर : इंजिन ३४९ सीसी, वजन १९१ किलो, बैठक ७६५ मिलिमीटर. दोघींची अश्वशक्ति जवळजवळ सारखीच, अठरा ते वीस. पण ती प्रकट होण्याची रीत भिन्न. पहिलीचें इंजिन आपला पूर्ण जोर मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर दाखवितें. दुसरीचें इंजिन आपली सगळी ओढ चार हजार फेऱ्यांवरच हातीं देतें. पहिली धांवण्यांत पटाईत, दुसरी ओढण्यांत.

यांतील बरी कोणती, असें विचारलें तर उत्तर नाहीं. कशासाठीं बरी, असें विचारलें पाहिजे. या बाबतींत आपल्याच प्रांताची एक जुनी कथा उपयोगी पडते. नळराजा बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे चाकरीस होता. दमयंतीचें दुसरें स्वयंवर उद्यांच आहे असा निरोप आला, आणि एका दिवसांत विदर्भांतील कुंडिनपुर गांठावयाचें ठरलें. तें कुंडिनपुर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यांतील वर्धेकांठचें कौंडण्यपूर, असें परंपरा मानते. बाहुकानें तबेल्यांतून काढलेले घोडे पाहून ऋतुपर्ण रागावला, कारण ते दिसावयास रोडके होते. पण महाभारतांत त्या घोड्यांस जें विशेषण दिलें आहे तें ‘अध्वनि क्षम’, म्हणजे वाट सोसण्यास समर्थ. राजानें तबेल्यांतली कसोटी लाविली, बाहुकानें वाटेवरची. आणि संध्याकाळीं रथ कुंडिनपुरास पोंचला तो बाहुकाच्या घोड्यांनीं.

मोटारसायकलीसही याच दोन कसोट्या आहेत. दुकानाच्या कांचेआड झळकणारी गाडी पहिल्या कसोटीस उतरते. पण दिवसभर काम करून संध्याकाळीं सात वाजतां बोरगांव मंजू मागें टाकून अमरावतीच्या दिशेनें निघालेल्या, डोळे चुरचुरणाऱ्या माणसास जी सांभाळून घरीं आणते, ती दुसऱ्या कसोटीस उतरते. सकाळचा स्वार ताजा असतो. त्याला कोणतीही गाडी चालेल. गाडी घ्यावयाची ती परतीच्या वाटेसाठीं, असें आमचें मत आहे, आणि पुढील सर्व विचार त्याच दृष्टीनें केला आहे.

आतां ही वाट कशी आहे तें पाहूं. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा, म्हणजे जुन्या सहा क्रमांकाच्या महामार्गाचा, भाग. रखडलेल्या कामामुळें व खड्ड्यांमुळें तो कित्येक वर्षें बदनाम होता. जून २०२२ मध्यें त्याचें भाग्य उघडलें. ३ तारखेच्या सकाळीं सुरू झालेलें काम ७ तारखेच्या संध्याकाळीं संपलें, आणि १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक लेन डांबरी काँक्रीटनें सलग अंथरली गेली. गिनेसच्या पुस्तकांत या कामाची विक्रम म्हणून नोंद झाली. त्यापूर्वींचा विक्रम कतार देशांतील सुमारें पंचवीस किलोमीटरांचा होता. वऱ्हाडच्या माणसानें अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट. समृद्धि महामार्गावर दुचाकीस मज्जाव असल्यामुळें दुचाकीस्वारास हाच मोठा रस्ता उरतो. परंतु खड्डे होते तोंवर ते वेगास आपोआप आळा घालीत. रस्ता सरळ व सपाट झाला, आणि आळा घालण्याचें काम स्वाराच्या विवेकावर येऊन पडलें.

चिरंजीवांचा पहिला युक्तिवाद वेगाचा आहे. स्पोर्ट गाडीमुळें वेळ वांचेल, असें ते म्हणतात. आपण गणित मांडून पाहूं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणें चौपदरी महामार्गावर दुचाकीस तासाला ८० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. शंभर किलोमीटरांतून दोन्ही शहरांतील गर्दी आणि बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगांव येथील वर्दळ वजा जातां मोकळा रस्ता सत्तर किलोमीटर धरूं. तो ८० च्या वेगानें कापण्यास साडेबावन्न मिनिटें लागतात. मर्यादा मोडून १०० च्या वेगानें गेल्यास बेचाळीस. लाभ साडेदहा मिनिटांचा. त्याचें मोल काय? वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणून तो दीडपटीहून अधिक होतो. त्याला सारण्यासाठीं लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत वाढते, म्हणून ती जवळजवळ दुप्पट होते. आणि पेट्रोल त्या हिशेबानें जळतें. ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारें अंतरही वर्गाच्याच प्रमाणांत वाढतें. शिवाय संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, तेवढ्यांत ८० च्या वेगाची गाडी बावीस मीटर पुढें गेलेली असते, आणि १०० च्या वेगाची अठ्ठावीस.

तेव्हां कायद्यानें चालणाऱ्या माणसास दोन्ही गाड्या अकोल्यास एकाच वेळीं पोंचवितात. स्पोर्ट गाडीचा अधिक वेग ही या वाटेवर न वठणारी हुंडी आहे.

दुसरा प्रश्न शरीराचा. ओणव्या बैठकींत वरच्या अंगाचा भार मनगटांवर पडतो, आणि समोर पाहण्यासाठीं मान सतत उचलून धरावी लागते. अर्धा तास हें जाणवत नाहीं, तरुणपणीं तर मुळींच नाहीं. पण रोज तीन तास, महिन्याचे चोवीस दिवस, हा क्रम सुरू झाला कीं मनगटें, मान आणि कंबर आपला हिशेब मागूं लागतात. मूर्तिजापुरास आमचे एक जुने विद्यार्थी गाड्या दुरुस्तीचें गॅरेज चालवितात. हँडल थोडें उंच करून मिळेल काय, ही पृच्छा रोज जाणाऱ्या-येणाऱ्या स्पोर्टवाल्यांकडून वरचेवर होते, असें ते सांगतात. दुखणारी मान ही केवळ दुखण्याची बाब नव्हे. मान आंखडलेला माणूस आरशांत कमी पाहतो, मागें वळून तर पाहतच नाहीं. आणि महामार्गावर धोका बहुधा मागून येतो.

म्हणून काकांचा पक्ष सर्वस्वीं बरोबर, असें मात्र समजूं नये. क्रूझरचेही दोष आहेत. स्वार वाऱ्यास शिडासारखी छाती देऊन बसतो, त्यामुळें वेग वाढला कीं खांदे भरून येतात. पाय फारच पुढें असले तर खड्डा दिसतांच बैठकीवरून किंचित् उठतां येत नाहीं, आणि धक्का थेट माकडहाडास बसतो. गाडी लांब व जड असल्यामुळें ऐन वेळीं चटकन बाजूस काढणें कठीण. स्पोर्ट गाडी येथें सरस आहे : ती हलकी, वळण्यांत चपळ, ब्रेक तेज, आणि कवचामुळें छातीवर वारा कमी. उलट, शेजारून भरधांव ट्रक गेला असतां त्याच्या झोतानें हलकी गाडी अधिक डगमगते, जड गाडी कमी. गुणदोषांची ही वांटणी पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते : क्रूझरचे बहुतेक दोष वेग मर्यादेंत ठेवला असतां सौम्य होतात, स्पोर्ट बैठकीचा मुख्य दोष मात्र वेग कमी केल्यानें जात नाहीं, उलट वाढतो, कारण छातीवर येणारा वाराच स्वाराचा कांहीं भार उचलीत असतो, आणि वेग उतरला कीं तो सर्व भार पुनः मनगटांवर येतो.

तिसरा प्रश्न आपल्या ऋतूंचा. वैशाखांत अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांवर जातो. हवा अंगाहून उष्ण असली म्हणजे वारा अंग गार करीत नाहीं, तापवितो. घाम वाळून जातो आणि तहान कळण्यापूर्वींच शरीर कोरडें पडतें. अशा दिवसांत मूर्तिजापुरास थांबून पाणी पिणें हा वेळेचा अपव्यय नव्हे. पावसाळ्यांत शेतांतून निघालेले ट्रॅक्टर आपल्या चाकांबरोबर काळी माती महामार्गावर आणतात; ती भिजली म्हणजे तेलासारखी निसरडी होते, आणि तेथें ना स्पोर्ट गाडीची चपळाई कामास येते, ना क्रूझरचें वजन. हिंवाळ्यांत कापसानें दोन्ही बाजूंस फुगलेल्या ट्रॉल्या दिवेलागणीस निघतात. कित्येकींच्या मागें तांबडा दिवा नसतो. आणि रोही बारा महिने आहेत. काटेपूर्णेच्या आसपास किंवा मोकळ्या शिवारांत एक रोही रस्ता ओलांडून गेला म्हणजे संकट टळलें असें समजूं नये. त्याच्या मागें कळप असतो. या सर्व प्रसंगीं उपयोगी पडतात ते चांगले ब्रेक, चांगला दिवा आणि आवरलेला वेग. १२५ सीसीवरील नव्या मोटारसायकलींस एबीएस २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीचें आहे; पण तें एकाच चाकास आहे कीं दोन्ही चाकांस, हें विचारून घ्यावें, आणि दोन्ही चाकांचें असेल तीच गाडी पत्करावी.

चौथा प्रश्न पैशाचा. आणि तो घरांतील कर्त्या माणसांनीं कागदावर मांडूनच सोडवावा. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर ४,८०० किलोमीटर होतात, वर्षाचे ५७,६००. लिटरला ४० किलोमीटर धरल्यास रोज पांच लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपयांहून अधिक भाव असल्यामुळें रोजचे पांचशें आणि महिन्याचे बारा हजारांहून अधिक झाले. लहान इंजिनाच्या स्पोर्ट गाडीस यांतून कांहींसें कमी लागेल, क्रूझरला कांहींसें अधिक. गाडीच्या साखळीस दर पांचशें किलोमीटरांमागें तेल द्यावें असा सामान्य नियम आहे. या वाटेवर तो दर अडीच दिवसांचा नियम होतो. टायर, ऑइल, ब्रेकचीं पॅडें यांचीही पाळी तशीच लवकर येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळें गाडी घेणें सोपें झालें आहे. ती रोज दोनशें किलोमीटर चालविणें सोपें झालेलें नाहीं.

येथेंच मातोश्रींच्या मताचें वजन कळतें. त्यांस केवळ भीति वाटते असें म्हणून तें मत बाजूस सारूं नये. बडनेऱ्याहून अकोला लोहमार्गानें सुमारें ऐंशी किलोमीटर. मार्ग मुंबई-हावड्याचा मुख्य मार्ग, गाड्या पुष्कळ. आणि मासिक पासाचा खर्च पेट्रोलच्या खर्चाचा लहानसा अंश. प्रत्येक गाडीस पास चालत नाहीं आणि कचेरीची वेळ दर वेळीं जुळत नाहीं, हें खरें. तरीही ज्या दिवशीं वेळ जुळते त्या दिवशीं मोटारसायकल बडनेऱ्याच्या स्थानकावर ठेवून पुढें रेल्वेनें जाणें, आणि भर पावसांत व भर उन्हाळ्यांत तर तसेंच करणें, हा शहाणपणाचा मार्ग आहे. आठवड्यांतून दोन दिवस जरी असे निघाले तरी खर्चाचा व धोक्याचा तिसरा हिस्सा उतरतो.

शेवटीं घराचा विचार. एकत्र कुटुंबांत कोणतेंही वाहन एकट्याचें राहत नाहीं. रविवारीं त्यावरून कोणाला अंबादेवीस जावयाचें असतें, कोणाला डॉक्टरांकडे. स्पोर्ट गाडीची मागची बैठक उंच, लहान व उतरती. तिच्यावर साडी नेसलेल्या बाईनें एका बाजूस पाय सोडून बसणें धोक्याचें, आणि वृद्ध माणसास तर चढणेंच कठीण. क्रूझरची बैठक ठेंगणी व रुंद असते. पाठीस टेंका बसवितां येतो. कोणतीही गाडी घेतली तरी साडी-गार्ड, आणि मागच्या माणसासाठींही आयएसआय शिक्क्याचें हेल्मेट, हीं गाडीबरोबरच घ्यावींत. १ जून २०२१ पासून या शिक्क्यावांचून हेल्मेट विकण्यासच बंदी आहे; तरी रस्त्याच्या कडेला स्वस्त टोप्या मांडलेल्या दिसतातच, त्यांच्या वाटेस जाऊं नये.

एवढ्या विचारानंतर आमचा निवाडा असा. रोजच्या दोनशें किलोमीटरांसाठीं या दोहोंतून क्रूझर घ्यावी. पण अगदीं पाय पसरून निजल्यासारखें बसावें लागेल अशी नव्हे. पाठ ताठ राहील, पाय किंचितच पुढें येतील आणि प्रसंगीं त्यांवर भार देऊन उठतां येईल, अशी निवडावी. पुढें एक कांच बसवून घ्यावी, म्हणजे वाऱ्याचा त्रास बराच कमी होतो. स्पोर्ट गाडी वाईट नाहीं. ती तासाभराच्या हौसेची आहे, आणि ज्याचें काम शहरापासून दहा-वीस किलोमीटरांवर आहे त्यानें ती खुशाल घ्यावी. चिरंजीवांस हा निवाडा मान्य नसेल तर त्यांनीं एक प्रयोग करावा. मित्राची किंवा भाड्याची, आधीं एक जातीची व दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या जातीची, अशा दोन्ही गाड्यांवरून कामाच्याच दिवशीं अकोल्यास जाऊन यावें; आणि मत सकाळीं अकोल्यास पोंचल्यावर न देतां रात्रीं घरीं पाय धुतल्यावर द्यावें. त्या वेळीं मनगटें जें सांगतील तें आमच्या निवाड्याहून प्रमाण मानण्यास आमची हरकत नाहीं.

वडील माणसांसही दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. तरुण मुलगा वेगानें येतो तो पुष्कळदां गाडीच्या मस्तीनें नव्हे, तर घरचीं माणसें जेवावयाचीं खोळंबलीं आहेत या जाणिवेनें. म्हणून त्याचें ताट झांकून ठेवावें आणि आपण वेळेवर जेवून घ्यावें. यांत माया कमी होत नाहीं. तो वाटेवर असतांना “कोठें पोंचलास?” म्हणून फोन करूं नये. निघतांना त्यानें एकदां कळवावें, मूर्तिजापुरास थांबल्यावर एकदां. मध्यें सर्वांनीं धीर धरावा. आणि उशीर झाला, पाऊस लागला किंवा अंगांत कणकण वाटली, तर रात्रीं अकोल्यासच राहण्याची मुभा त्यास आधींच देऊन ठेवावी. ऐन वेळीं ती मागण्याचा संकोच वाटूं नये. तेथें कोणाकडे उतरावयाचें हें ठरविण्याचें काम काकांनीं अंगावर घ्यावें. अकोल्यांत आपलें एकही नातें नाहीं असें अमरावतीचें घर विरळाच.

गाडी कोणतीही आली तरी पहिला पावसाळा काढल्यावर त्या घरच्यांनीं आपला अनुभव या सदराकडे अवश्य लिहून पाठवावा. साखळीस तेल किती वेळां दिलें आणि रेल्वेनें किती दिवस गेले, हे दोन आंकडेही सोबत कळवावेत. इतर घरांस त्यांचा उपयोग होईल.